किल्ली कुणाकडे?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते अण्णांचे. बंगळुरात ‘अण्णा’ म्हणून हाक मारली की निम्मा रस्ता वळून पाहतो. पण माझे अण्णा तुम्ही सहज ओळखले असते. दोन बोटं नसलेला त्यांचा उजवा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. चाचपून झालं की ते विचारायचे, “किल्ली कुणाकडे?”

“तुमच्याकडे, अण्णा.”

“सरी,” म्हणजे ठीक. मगच ते आत उतरत.

आमचं काम लिफ्टदुरुस्तीचं. लिफ्ट जिथून वर-खाली जाते त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याच्या पेटीला कुलूप लावायचं, आणि किल्ली उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. मी गडहिंग्लजकडचा, घरातला पहिला पदवीधर. पहिल्या दिवशी शाफ्टमध्ये वाकून पाहिलं आणि गावची गाडी पकडावीशी वाटली. अण्णा म्हणाले, “भीती वाटू दे रे तम्मा. ज्याला भीती वाटते तोच कुलूप ओढून बघतो.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी घरात, बाकी सगळं कन्नड.

‘स्वल्प’ हा शब्द इथे पावलोपावली ऐकू येतो. स्वल्प सरका, स्वल्प थांबा. अण्णांना तेवढाच शब्द खपत नसे. एकदा एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “स्वल्प अ‍ॅडजस्ट करा हो, दार नीट लागलं नाही तरी लिफ्ट चालू राहू दे.”

“स्वल्प नाही,” अण्णा म्हणाले. “तुमच्या घरचं कोण आधी पडलेलं चालेल?”

दार दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद राहिली.

पुढे एकदा जेवताना त्यांनी हात उघडून माझ्यासमोर धरला. “स्वल्पच घेतली होती. कुलूप लावलं असं वाटलं. लावलं नव्हतं. बोटं माझी गेली म्हणून बरं. आत दुसरा कुणी असता तर?”

त्यानंतर त्यांनी दारू सोडली. डॉक्टरांचं औषध घेतलं, पण के. आर. पुरममध्ये त्यांच्या बसस्टॉपसमोरच बार. म्हणून ते पुढच्या स्टॉपवर उतरून मागच्या गल्लीने घरी जात. “मी सोबत येऊ का?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “उद्या तू नसशील. माझे पाय मलाच आवरायला पाहिजेत.”

एकदा मी शाळेतल्या गुरुजींना पत्र लिहीत होतो. अण्णा कन्नड शाळेत जेमतेम शिकलेले; देवनागरी हिंदीपुरती यायची. एका खुणेवर बोट ठेवून म्हणाले, “हे शेपूट कसलं?”

“स्वल्पविराम.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “स्वल्पाला विराम! अरे, तुमच्या मराठीत एवढी चांगली खूण आहे, आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?”

तेव्हापासून कुलूप लावलं की ते पेटीवर खडूने एक स्वल्पविराम काढत. त्या खुणेपाशी वाक्य संपत नाही, हे सांगणं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांचा आनंद पाहून मी गिळलं. पण ती पांढरी शेपटी पाहिली की मला उगाच धास्ती वाटे.

यंदा अण्णा वेलदोडे चघळू लागले. आमचा फिटर हसला, “काय अण्णा, गोड बोलायचं ठरवलंत काय?” अण्णा हसले नाहीत. एका संध्याकाळी बसमधून मी पाहिलं, ते आपल्याच स्टॉपवर उतरले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “उशीर झाला होता.” मी विचारलंच नव्हतं.

मग एका सकाळी हेब्बाळच्या एका इमारतीत मी वर मेन स्विचपाशी पोहोचलो, तर पेटीला कुलूप होतं. खडूची खूण नव्हती. अण्णा पायरीवर बसलेले. वेलदोड्याच्या वासाखाली दुसरा वास होता. मला काही बोलू न देता त्यांनी साहेबांना फोन लावला. “मी घेतली आहे. आज मला आत पाठवू नका.” मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

“आज तू उतर. आधी कुलूप ओढून बघ.”

मी ओढलं. कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं. माझ्या हातात उघडून आलं.

मी ते नीट लावून उतरलो. वर आलो तेव्हा पायरी रिकामी होती. ते कामावर परत आले नाहीत. फोन बंद, घराला कुलूप. शेजारच्या अक्का म्हणाल्या, हुबळीला बहिणीकडे गेलेत. त्यांच्याकडून पत्ता घेऊन मी पत्र टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही. काय लिहिलं होतं ते इथे देतो.

“अण्णा,

नावापुढची खूण पाहिलीत? तिचा अर्थ तुम्ही लावलात तो नाही. तिच्यापाशी थोडं थांबायचं असतं आणि वाक्य पुढे न्यायचं असतं. तुम्ही पायरीवर थांबलात, म्हणून मी सुखरूप वर आलो. आता पेटीवर मी खूण काढतो. तुमच्यासारखी वळत नाही.

किल्ली माझ्याकडे आहे, अण्णा. विचारायला या.

तुमचा तम्मा”