मास्तरांची क्वेरी

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे धाकटी म्हणत. नोकरीला लागली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती. पुढे केस पिकायला लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी नाव काही सुटलं नाही. विभागातले सगळ्यांत जुने म्हणजे मास्तर. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं, पण कुणी काही विचारलं की खुर्ची ओढून बसायचे आणि पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढत समजावायचे. डेटाबेसमधलं तिला जे काही येत होतं, ते त्यांच्याच हाताखाली शिकलेलं.

त्या वर्षी औषधांच्या खिडकीवर बोंबाबोंब सुरू झाली. सकाळी स्क्रीन अडकायचा, फार्मासिस्ट हात बांधून बसायचा आणि रांगेतली माणसं त्याच्यावर तोंडसुख घ्यायची. साहेबांनी धाकटीला बोलावलं.

"नेमकं कोण वेळ खातंय, ते मला बैठकीत दिसलं पाहिजे. अंदाजपंचे नको."

डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, म्हणजे क्वेरीला, किती वेळ लागतो ते टिपणारं टूल तिने सर्व्हरवर बसवलं. सेटिंग करता करता डोळे दुखायची वेळ आली. एका सेकंदाहून जास्त लागला तरच नोंद घे, असं तिने भरलं. नोंदींनी डिस्क भरू नये म्हणून जुन्या पुसायची सोय केली. क्वेरी नुसती वाट बघत थांबते तो वेळ वेगळा दाखवायचा का, असंही एक सेटिंग होतं. ते मुळात बंद होतं. त्याची माहिती तिने अर्धवट वाचली आणि 'बघू नंतर' म्हणून पुढे गेली.

आलेख तयार झाला, तर सगळ्यात उंच खांब मास्तरांच्या क्वेरीचा. औषधांचा शिल्लक साठा शोधणारी ती क्वेरी त्यांनीच लिहिलेली.

मास्तर पलीकडच्या टेबलावर डबा खात होते. जाऊन दाखवावं, असं तिच्या मनात आलंही. पण दाखवलं की ते खुर्ची ओढणार, चौकोन काढणार आणि बैठकीत पुन्हा त्यांचंच नाव होणार. एकदा तरी आपलं व्हावं, असं तिला फार वाटत होतं. लॅपटॉप मिटून ती पाणी प्यायला गेली.

बैठकीत पडद्यावर आलेख उमटला. साहेब म्हणाले, "मास्तर, रस्त्यात आडवी तुमचीच गाडी की हो!"

सगळे हसले. मास्तरांनी चष्मा पुसला, आलेखाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं, हे आधी मला–"

"आकडे समोर आहेत, मास्तर," ती म्हणाली. नजर पडद्यावरच ठेवून.

साठ्याचं काम मास्तरांकडून काढून तिला मिळालं. त्यांनी वाद घातला नाही. थोड्याच दिवसांत मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि निरोपसमारंभही नको म्हणाले.

तिने ती क्वेरी नव्याने लिहिली. खिडकी अडकायची ती अडकतच राहिली. पुन्हा लिहिली, तरी तेच. मग हार मानून तिने ते बंद सेटिंग चालू केलं. क्वेरी स्वतः डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकत होती. बाकी सगळा वेळ वाट बघण्यात जात होता. आणि वाट कुणाची? साठ्याचे आकडे रोज सकाळी नव्याने जुळवणाऱ्या तिच्याच प्रोग्रामची. साहेबांसाठी तिने तो त्याच वर्षी सुरू केला होता. तो चालू असेपर्यंत साठ्याच्या नोंदींना कुलूप, आणि मास्तरांची क्वेरी दाराबाहेर ताटकळत. प्रोग्रामच्या क्वेरी बारक्या, प्रत्येक एका सेकंदाच्या आतली. त्या टूलच्या तावडीत सापडल्याच नव्हत्या.

प्रोग्राम तिने दुपारवर टाकला. खिडकी मोकळी झाली. साहेबांना तिने सगळं सांगितलं.

"सुटलं ना एकदाचं? मग झालं गेलं कशाला उकरायचं?" ते म्हणाले.

"त्यांना जाऊन सांग," नवरा म्हणाला.

"कोणत्या तोंडाने जाऊ?" असं म्हणत तिने बरेच दिवस घालवले.

मास्तर आता मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत. ती गेली तेव्हा ते गिऱ्हाइकाला नळाचे वॉशर दाखवत होते. "ये, बस," म्हणाले. स्टुलावर बसून तिने सांगायला सुरुवात केली. कुलपाचा विषय निघाला तसे मास्तर पुढे सरकले, खिळ्यांचं खोकं उलटं करून त्याच्या पुठ्ठ्यावर एक चौकोन काढला.

"म्हणजे ही इथे थांबायची. बरोबर?"

"बरोबर."

"हं. मलाही पटकन सुचलं नसतं." क्षणभर ते पूर्वीसारखे दिसले. मग पेन खिशाला लावलं.

"मास्तर, माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही परत या."

"चूक काय, कुणाचीही होते गं. मीही कमी घोळ नाही घातले." ते बाहेर बघत बोलले. "पण त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो, आणि तू बघितलं नाहीस. ते काही मनातून जात नाही."

तेवढ्यात कुणीतरी बिजागऱ्या मागायला आलं. मास्तर उठले, खण उघडून मापं विचारू लागले. ती पुढची दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत थांबली. मग "येते, मास्तर" म्हणाली.

"सावकाश जा," ते म्हणाले, आणि बिजागरीचे स्क्रू मोजत राहिले.