आप्पा आणि मेन स्विच

कॉम्प्युटरच्या मागे धूळ कुणी टाकत नाही, तरी साचते. किस्से तसेच साचतात. मी बुधवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत झाडायचो, दार उघडायचो, मुलांसाठी पाणी भरून ठेवायचो. खाली टीव्ही-रेडिओच्या सामानाचं दुकान, वर आमची खोली. हिंजवडीच्या एका कंपनीने मोडीत काढलेले कॉम्प्युटर आम्हाला मिळाले होते. त्यांच्या पोटात काही नाही, हार्ड डिस्कसुद्धा नाही. कोपऱ्यात एक मोठा सर्व्हर, त्याच्याच ताटातलं सगळ्यांनी खायचं.

दुकानदाराला ही खोली गोडाऊनला हवी होती. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी सांगून टाकलं, सगळ्या मशीनवर इंटरनेट चाललं तर खोली मुलांची, नाहीतर दुकानाची. सोमवारी येऊन बघते.

* * *

इंटरनेटची वायर एकच, तीही सर्व्हरला. नागपूरकडचे मेश्राम सर नोकरी सांभाळून हे काम करायला यायचे. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीने त्यांना विचारलं, बाहेरचा पत्ता एकच, मग इतक्या जणांना इंटरनेट मिळणार कसं? सर म्हणाले, तुमच्या हॉस्टेलचाही पत्ता एकच ना? पत्रं सगळी दारात येतात, कुठलं कुणाच्या खोलीत द्यायचं ते वॉचमन बघतो. आपला सर्व्हर म्हणजे तो वॉचमन.

ती म्हणाली, "आमचा वॉचमन पत्रं फोडतो, सर."

"हा नाही फोडत जी."

* * *

संध्याकाळी सर सर्व्हरवर त्या वॉचमनला कामाला लावणारी एक ओळ टाइप करायचे आणि सगळ्या मशीनवर इंटरनेट उघडायचं. मुलं खूष. सकाळी मी मशीन सुरू करावीत, तर एकावरही नाही! सर ऑफिसला जाता जाता धावत यायचे, तीच ओळ टाकायचे, की चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उंदरांवर संशय घेऊन झाला, वायर टाकणाऱ्याशी भांडण झालं. सोमवार जवळ आला तसं सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आमचे सेक्रेटरी आप्पा मात्र शांत. म्हणाले, "देवालाही रोज नवा हार लागतोच की."

* * *

आप्पांना रिकाम्या खोलीत वीज जळलेली सोसायची नाही. निघताना दारामागचा मेन स्विच खाली ओढायचे. मशीन नीट बंद केलीत का, हे बघायची पद्धत नाही. रविवारी असाच ओढला, तर कोपऱ्यातून एका मुलाचा आवाज आला, "अहो आप्पा, मी वाचतोय इथे."

"मग बोलायचं. गप्प बसलेला माणूस आणि रिकामी खोली, दोन्हींना दिवा लागत नाही."

जिन्यात पोचलेली मुलं हसली. दारात उभे असलेले मेश्राम सर हसले नाहीत. ते स्विचकडेच बघत राहिले. मग मला म्हणाले, ती ओळ वीज असेपर्यंतच सर्व्हरच्या डोक्यात राहते. वीज गेली की विसरतो. उठल्या उठल्या तो जी फाइल आपली आपण वाचतो, तिच्यात लिहायला पाहिजे होती.

* * *

सोमवारी सकाळी सरांनी ओळ तिथे लिहिली. एकदा सगळं बंद करून बघायचं तेवढं राहिलं होतं, आणि जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या.

"काका, आता हात नाही लावत," सर मला हळूच म्हणाले. "चालू आहे तोवर दाखवून देऊ."

बाईंनी एकेक मशीन पाहिलं. सगळीकडे चाललं. मागे दुकानदार भिंत मोजायची टेप घेऊन उभा. बाई "छान" म्हणाल्या आणि आम्ही चहाला बाहेर आलो. सगळ्यांत शेवटी आप्पा निघाले.

खटका वाजला.

सरांनी कप तसाच खाली ठेवला. बाईंनी वळून पाहिलं, तर आत सगळ्या मशीनचे पडदे काळे.

मी जाऊन स्विच वर केला. सर्व्हर घुरघुरला, त्याच्यावर अक्षरं धावायला लागली. मग एकेक मशीन जागं झालं. सर हात मागे बांधून उभे. हॉस्टेलची ती मुलगी पुढे होऊन बसली, काहीतरी टाइप केलं. पान अर्धं आलं आणि थांबलं. दुकानदाराने टेप थोडी बाहेर ओढली.

मग उरलेलं पान आलं. शेजारच्या मशीनवरही आलं.

टेप सुर्रकन आत गेली. बाई आप्पांकडे वळल्या. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"चालू असलेलं कुणीही दाखवतो, बाई. बंद पाडून बघावं."