विमानं बंद, गोळ्या चालू

कुसुमबाईंच्या वरणात मीठ जास्त आहे असं म्हणायची बहारीनच्या मुहर्रकमध्ये कुणाची छाती नव्हती. १९९४च्या सप्टेंबरात त्यांच्या दिराने, समाधानने, ताट सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, की यात विष आहे. एसीतल्या माणसाने त्याला तसं कळवलं होतं.

बाई आधी रागावल्या, मग घाबरल्या. चोवीस वर्षांचा पोरगा, अकोल्याहून येऊन कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलेला, महिनाभर धड झोपला नव्हता. त्यांचे यजमान हरिदास विमानतळावर एसी मेकॅनिक. त्यांनी एसी उघडून दाखवला, आत कुणी नाही. समाधान म्हणाला, तुम्हाला बघून तो निघून गेला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या. आजार नुकता सुरू झालाय, आत्ताच औषध चुकवू नका, दर आठवड्याला दाखवा, म्हणाले. कंपनीच्या साहेबांकडे याहून सोपा इलाज होता: तिकीट काढा, घरी पाठवा, खलास.

तिकीट निघालं आणि तिकडे सुरतेत प्लेग निघाला. भारताची विमानं बंद झाली.

गोळ्यांनी समाधानचे हात थरथरत, मान आखडे. तो राहायचा त्या कंपनीच्या कॅम्पातल्या शहाण्यांनी निदान केलं, प्लेग. तो सुटीवरून परतल्याला तीन महिने झाले होते, पण हिशेब कोण करतो? तोंडाला रुमाल बांधून त्यांनी त्याची बॅग बाहेर ठेवली. त्यातले दोघे झुरळाला उंदीर समजून पलंगावर चढले होते. वेडा मात्र समाधान ठरला.

कुसुमबाईंनी त्याला घरी आणलं. पण पुढच्या गोळ्या आणायला गेल्यावर इस्पितळाच्या दारात गार्डने भारतीय पासपोर्ट बघून त्याला तापाच्या रांगेत उभं केलं. ताप नाही हे ठरेपर्यंत दुपार झाली, डोक्याचे डॉक्टर निघून गेले. गोळ्या संपल्या. दोन दिवसांत एसीतला माणूस परत बोलू लागला.

तिसऱ्या दिवशी बाई गार्डसमोर उभ्या राहिल्या. अरबी 'मफी' म्हणजे 'नाही' एवढीच येत होती, हिंदीही बेताचीच.

"मफी बुखार. मफी उंदीर. दिमाग का डॉक्टर मंगता, अभी मंगता."

आवाज ऐकून मालू नावाची मल्याळी नर्स बाहेर आली आणि दोघांना मागच्या दाराने आत घेऊन गेली. डॉक्टरांनी थरथर कमी करायची गोळी जोडली. तेव्हापासून रोज सकाळी मालूचा फोन यायचा, गोळी खाल्ली का विचारायला.

घरी समाधानच्या ताटातला पहिला घास कुसुमबाई स्वतः खायच्या. तीनही वेळा. ब्लाउज घट्ट व्हायला लागले तरी त्यांनी ते सोडलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो म्हणाला, "वहिनी, आता चाखू नका. माह्या वाट्याचं कमी पडते."

बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मग आणखी दोन भाकरी थापल्या.

विमानं सुरू झाली तशी साहेबांना तिकिटाची आठवण आली. तोवर समाधान नीट झोपत होता. तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः ऑफिसात गेला आणि म्हणाला, की आवाज अजून कधी कधी येतो, पण स्टोअरचा माल मोजायला त्याची अडचण होत नाही. साहेबांनी खूप वेळ चिठ्ठी वाचली. शेवटी दिवसपाळी दिली.

हरिदास नातेवाइकांना अजून सांगतात, त्या वर्षी भावाला मलेरिया झाला होता. समाधान दर वेळी शांतपणे आजाराचं खरं नाव सांगतो. मग कुसुमबाई विचारतात, कुणाला अजून भात हवा का.