एका झाकणाला एक गाणं

आमच्या हॉटेलात दिवसभर बासरी वाजते. वाजते कसली, कण्हते. सकाळी नाश्त्याला तीच, रात्री जेवणाला तीच. ना मुखडा, ना अंतरा. कोणी ऐकू नये म्हणूनच ती लावलेली असते. वाशिमच्या ह्या हॉटेलात मी वीस वर्षं वेटर होतो, आता कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे तोच वेटर, फक्त गळ्यात बो अडकवलेला. गिऱ्हाईक चुटकी वाजवून बोलावतं आणि आपण हसून 'येस सर' म्हणायचं. म्हणतो बाप्पा, पोट आहे!

दुपारी तीन ते सहा आम्हाला सुट्टी. बाकीचे घोरत पडायचे. मी गाडी काढून अनसिंग रोडवरच्या टिनाच्या बारमध्ये जायचो. परत कामावर जायचं असल्यामुळे दारूला हात लावायची सोय नव्हती. बायको म्हणायची, "लोकं बारमंदी दारू प्याले जातात, तुमी सोडा प्याले जाता. सांगाले तरी लाज वाटते!"

मी जायचो ते गाण्यासाठी. बारचा मालक म्हातारा, सगळे त्याला मामा म्हणायचे. गल्ल्याशेजारी त्याचा जुना टेपरेकॉर्डर, आणि मागच्या फळ्यांवर नुसत्या कॅसेटी. रिवाज असा, की आपल्या बाटलीचं झाकण मामासमोर ओळीत ठेवायचं आणि गाणं सांगायचं. एका झाकणाला एक गाणं. दारूचं झाकण असो की सोड्याचं, मामाला दोन्ही सारखीच. नंबर आला की मामा पेन्सिलीनं कॅसेट फिरवून बरोब्बर जागेवर आणायचा. दुसऱ्याचं गाणं चालू असताना बोलायचं नाही, नाक मुरडायचं नाही. शेजारचा टायरवाला रोज लेकीच्या पाठवणीचं गाणं लावायचा आणि रोज डोळे पुसायचा. कोणी विचारलं नाही काहून म्हणून. माझी एक कव्वाली होती. तिच्यात पहिली तीन मिनिटं नुसती पेटी आणि टाळ्या. अख्खा बार ती निमूटपणे सोसायचा. हॉटेलात वीस वर्षांत माझं एवढं कोणी ऐकून घेतलं नाही.

मग आमच्या मालकाला पुण्याहून अक्कल आली. तिकडे कुठल्याशा हॉटेलात त्यानं 'रेट्रो कॉर्नर' पाहिला. जुना फोन, जुना कंदील, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढणारी माणसं. स्टाफला बोलावून म्हणाला, आयडिया द्या. माझी जीभ वळवळली. म्हटलं, "साहेब, खरं जुनं पाहायचं तर माझ्यासोबत चला." दीड शहाणाच मी!

दुसऱ्या दुपारी त्याला घेऊन गेलो. खुर्ची रुमालानं पुसून तो बसला. टायरवाल्याचं गाणं लागलं होतं, तर ह्यानं मोठ्यानं विचारलं, "हे रडगाणं बदलता येतं का?" मी मान खाली घातली. माझ्यासोबत आला म्हणून मामानं त्याला काही म्हटलं नाही, उलट फुटाण्यांची प्लेट स्वतः आणून ठेवली.

मालकानं सरळ मागणी घातली. मशीन द्या, कॅसेटी द्या, हॉटेलात शोभून दिसेल. मामा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कॅसेटीवरचं वाचता येईना, वर्षभर तो अधूनमधून चुकीची गाणी लावत होता, आणि आम्ही सगळे तीच आपली समजून ऐकत होतो.

"मले आता दिसत नाही बे," तो म्हणाला. "तिथी तू वाजवशीन ना?"

मालक माझ्याकडे बघत होता. नाही म्हणायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "वाजवतो ना मामा. मी हाओ ना तिथी."

माझ्या शब्दावर त्यानं सगळं देऊन टाकलं.

आठ दिवसांनी सजावटवाला आला. हॉलच्या भिंतीवर त्यानं सगळ्या कॅसेटी गोंद लावून चिकटवल्या आणि त्यांची गिटार केली. गिटार! वाशिमात कोणाच्या बापानं वाजवली होती? टेपरेकॉर्डरच्या पोटातलं सामान काढून आत पिवळा दिवा लावला. मी मालकाला म्हटलं, हे वाजवायचं ठरलं होतं. तो म्हणाला, "अरे, बासरी आहे ना." आणि मी, वीस वर्षांचा अनुभवी माणूस, 'येस सर' म्हणालो. त्यानंतर मी अनसिंग रोडला फिरकलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

महिन्याभरानं दुपारी मामाच आला. इस्तरीचा सदरा, टायरवाल्याचा हात धरून. मी खुर्ची ओढली. त्यानं खिशातून सोड्याचं झाकण काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"तुयी कव्वाली लाव," म्हणाला. "मले दुसरं काई नको."

टायरवाल्यानं भिंतीकडे पाहिलं आणि मामाचा हात उचलून कॅसेटींवर ठेवला. मामानं एक ओढून पाहिली. हलली नाही. दुसरी ओढली. मग तो बोटांनी गिटारीच्या दांड्यापर्यंत चाचपत गेला. वर बासरी कण्हतच होती.

"याच्यातच असन ना तुयी?"

"हो मामा."

त्यानं झाकण उचललं नाही. जन्मभर मला 'अबे' म्हणणारा तो माणूस दाराशी थांबला आणि म्हणाला, "येतो साहेब."

मी सवयीनं म्हणालो, "थँक यू सर, पुन्हा या."