गोपाळरावांचा देव

आमच्या प्रताप नगराजवळ एका कॉलेजची वनस्पती बाग आहे. गोपाळराव तिथले माळी. सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायांच्या हातात पिशवी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. पूजेला फुलं दुसऱ्याच्याच झाडाची लागतात, हा आमच्याकडचा नियमच आहे म्हणा ना!

यंदा बागेतल्या कळलावीच्या वेलाला फुलं आली. लालपिवळी, ज्वाळेसारखी. औषधासाठी लोकांनी कंद खणून नेले, म्हणून जंगलात हा वेल आता क्वचितच दिसतो. गोपाळरावांना त्याचं बी धरून, रोपं करून परत जंगलात लावायची होती. पण फुलंच राहिली नाहीत तर बी कुठून येणार? त्यांनी पाटी लावली. लोकांनी पाटीला पिशवी अडकवून फुलं तोडली.

मग त्यांनी वेलाखाली एक गोटा ठेवला, त्याला शेंदूर फासला. देवासमोरचं फूल कोण तोडणार? एकही फूल हललं नाही. गोपाळराव छाती काढून हिंडू लागले.

काही दिवसांनी पाहतात तर आमच्या शेजारच्या प्रयागबाई गोट्यावर तांब्यानं पाणी घालताहेत आणि मागं बायांची रांग.

"काहून वं बाई, एवढं पाणी? कंद सडून जाईन ना!"

"देवाले घालून राहिली गा, तुह्या कंदाले नाही."

खरं सांगावं तर फुलं जाणार, गप्प बसावं तर कंद जाणार. गोपाळराव घाम पुसत म्हणाले, "ह्या देवाचा उपास हाय. निर्जळी."

"कधीलोक?"

"शेंगा वाळेपर्यंत."

"लईच कडक देव हाय गा तुहा!" म्हणत प्रयागबाईंनी तांब्या जास्वंदीत ओतला. त्यांच्या मागच्या बायांनीही नुसते हात जोडले.

शेंगा भरल्या, वाळल्या, आत केशरी बिया निघाल्या. परवा गोपाळराव वेलाजवळच्या वाफ्यात बी पेरायला बसले. पेरण्याआधी इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच गोट्याला नमस्कार केला. मी मागंच उभी होते.

"काहून जी गोपाळराव, देव तर तुम्हीच बसवला ना?"

ते लाजले. "बसवला म्या ताई, पण उपास तर त्यानंच धरला."

मीही हात जोडले.