देवाच्या पेटीतला पट्टा
आवराआवरीत बायकोने दाराजवळ टांगलेला, अडीअडचणीला ओढायला लागणारा माझा नायलॉनचा पट्टा कपाटात ठेवला होता. आज काढला तर त्याला कपाटातल्या कापराचा वास. काही वर्षांपूर्वी भोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या गावात कुणी कड्यावरून घसरलं तर वर ओढायला असाच लांब, रुंद पट्टा आणला होता. नवी वस्तू, म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं आणि देवळातल्या पेटीत, कापराशेजारी, कुलपात ठेवली. पुढे एका दुपारी गवत कापणारी एक सून उतारावरून घसरली आणि करवंदीच्या जाळीला अडकून राहिली. खाली खोल ओढा. किल्ली गुरवाकडे, आणि गुरव भोरच्या बाजाराला गेलेला. कुलूप फोडायला उचललेला दगड आम्हा बाप्यांच्या या हातातून त्या हातात फिरत होता, पण देवाच्या पेटीवर घालायला कुणी धजेना. जाळीतून हाका येत होत्या. तेवढ्यात तिची सासू धापा टाकत आली. “देव काय म्हनंल ते म्या बघते!” म्हणत तिने दगड हिसकावला आणि कुलूप फोडलं. त्या पट्ट्याने सून वर आली. आज मी माझा पट्टा पुन्हा दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. “पाव्हण्यांसमोर बरं दिसत नाही,” बायको म्हणाली. एका हाताने पटकन निघतो का, ते मी दोनदा काढून पाहिलं.