आत्याची शेवटची यादी

आत्या एका छोट्या रेडिओ केंद्रात कार्यक्रम जोडायची. बातमी, गाणं, मुलाखत, प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल. माउसने ओढाओढ करणं तिला पटत नसे. एका साध्या फाइलमध्ये ती तुकड्यांची नावं एकाखाली एक लिहायची आणि काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड द्यायची, की या यादीतलं सगळं याच क्रमाने जोड. शाळा सुटली की मी तिच्या खोलीत. कमांड देण्याआधी ती यादी मोठ्याने वाचायची.

"मशीनला अक्कल नसते गं. आपण लिहू ते खरं."

यादीला कुणी हात लावला तर तिचं डोकं फिरायचं. किराणा मात्र निम्मा विसरून यायची, कारण दुकानात यादी न्यायची तिला लाज वाटे!

निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे तिचाच निरोप होता. जुन्या टेपांवरून उतरवलेले तिच्याच आवाजाचे तुकडे, 'सुरुवात'पासून 'अखेर'पर्यंत. तो नीट व्हावा म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. यादी झाली आणि तिला समारंभाला बोलावलं. केंद्राचे साहेब देवमाणूस, पण डोक्यात नीटनेटकेपणाचा किडा. मदत म्हणून त्यांनी ती यादी अकारविल्हे लावून ठेवली. आत्या धावतपळत परतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच न वाचता कमांड देऊन मोकळी झाली.

रेडिओवर आधी 'अखेर' वाजली. "मंडळी, येते आता." मग सगळं उलटसुलट.

"कुणी हात लावला माझ्या यादीला?" आत्या लालबुंद. साहेबांची पाचावर धारण बसली.

"आत्या, थांबव ना," मी म्हटलं.

"चालू कार्यक्रम थांबवत नाहीत." ती ओठ चावत ऐकत राहिली.

सगळ्यात शेवटी 'सुरुवात' आली. विशीतला थरथरता आवाज. "नमस्कार. आज माझा पहिलाच दिवस आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या."

आत्याच्या डोळ्यांना धार लागली. साहेब माफी मागत होते, ते तिला ऐकूही येत नव्हतं.

"राहू दे यादी अशीच," ती मला म्हणाली. "पुसू नकोस."

आता त्या खुर्चीत मी बसते. आत्याची फार आठवण येते. गेल्या वर्षी ती गेली, त्या संध्याकाळी मी तीच यादी लावली. आधी मोठ्याने वाचली. 'सुरुवात' शेवटीच होती.